अन्नातून विषबाधा: उलट्या-जुलाब सुरू झाल्यापासून ताकद परत येईपर्यंत

रात्री दोन वाजता घरातलं कुणीतरी तिसऱ्यांदा संडासाकडे धावलं की बाकीच्यांचे दोन गट पडतात. एक गट औषधांचा डबा उपसून मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या शोधतो. दुसरा म्हणतो, "काही देऊ नका, पोट एकदा साफ होऊ दे," आणि पाणीसुद्धा बंद करून टाकतो. दुसऱ्या गटामुळे जास्त नुकसान होतं, पण पहिल्याचंही फारसं बरोबर नसतं.

एरवी धडधाकट असलेला माणूस अशा विषबाधेतून बहुतेक वेळा एक ते तीन दिवसांत आपोआप बरा होतो. तोवर अंगातून जाणारं पाणी आणि मीठ परत भरत राहणं हीच मुख्य चिकित्सा. ऐकायला सोपं असलं तरी प्रमाण, वेग आणि वेळ यांत लोक हमखास घोळ घालतात. आणि काही थोड्या वेळा अशा असतात, की घरी बसून काहीच करण्यासारखं नसतं. म्हणून सुरुवात तिथूनच.

पहिलं काम: घरी थांबायचं की निघायचं?

पुढच्यापैकी एक जरी गोष्ट दिसली तर बाकीचा लेख नंतर वाचा. दवाखाना गाठा, वाहन नसेल तर १०८ ला फोन करा.

– शौचातून रक्त किंवा रक्ताची आव पडते आहे.
– ताप १०२ फॅरनहाइटच्या वर गेला आहे.
– चमच्याचमच्याने दिलेलं पाणीही टिकत नाही.
– सात-आठ तासांत लघवीच झालेली नाही.
– उठून बसलं तरी भोवळ येते, हातपाय गार पडलेत, माणूस गुंगीत आहे किंवा असंबद्ध बोलतो आहे.
– तांदळाच्या धुवणासारखे पांढुरके पाण्याचे जुलाब एकामागून एक होत आहेत. ही पटकी, म्हणजे कॉलरा, असू शकते आणि त्यात काही तासांत माणूस जातो.
– पोट कडक झालंय आणि दुखणं एकाच जागी, विशेषतः उजवीकडे खाली, वाढत चाललंय. हे कदाचित अपेंडिक्स असेल.
– एकाची दोन माणसं दिसतात, जीभ जड झाली आहे, गिळता येत नाही.

शेवटचं लक्षण क्वचित आढळतं, पण घरी बंद केलेल्या डब्यातल्या किंवा बरणीतल्या अन्नातून होणाऱ्या बोट्युलिझममध्ये ते दिसतं, आणि तिथे श्वास बंद पडण्याची भीती असते.

यात आणखी दोन प्रकार धरा. तोंडातून लाळ गळते आहे, दरदरून घाम सुटला आहे, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या आहेत, छातीत घरघर आहे, तर हे जंतूंचं काम नाही. अन्नात कीटकनाशक गेलं आहे. बिहारमधल्या सारण जिल्ह्यात जुलै २०१३ मध्ये शाळेच्या माध्यान्ह भोजनातून २३ मुलं दगावली ती अशीच, स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस गेल्यामुळे. दुसरा प्रकार रानातल्या अळंब्यांचा. पावसाळ्यात ओळख न पटलेली अळंबी खाऊन सहा-आठ तासांनी किंवा त्याहूनही उशिरा उलट्या सुरू झाल्या, तर त्या थांबल्या म्हणून निवांत होऊ नका. काही विषारी जातींमध्ये मधला एक दिवस माणूस बरा वाटतो आणि त्याच वेळात यकृत निकामी होत असतं. उरलेली अळंबी किंवा भाजी पिशवीत घालून बरोबर न्या.

तान्ही बाळं, गरोदर बाई, पासष्टीच्या पुढची माणसं, मधुमेह, मूत्रपिंड किंवा हृदयाचे रुग्ण, केमोथेरपी चालू असलेले किंवा अवयव बदललेले रुग्ण यांच्या बाबतीत वरची लक्षणं येण्याची वाट पाहू नये. त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावं. गरोदरपणात तर जुलाब नसताना नुसता ताप आणि अंगदुखी असली तरीही. लिस्टेरिया नावाचा जंतू आईला थोडक्यात सोडतो आणि बाळाला धरतो.

आणि कुणीही, कुठल्याही कारणाने, मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. पोटात गेलेलं विष बाहेर येईलच असं नाही, पण रक्तातलं मीठ धोकादायक पातळीवर नक्की जाऊ शकतं. रसायन पोटात गेलं असेल तर उलटीतून ते फुप्फुसात उतरण्याचीही भीती.

घड्याळ आणि कागद

आता घरी थांबायचं ठरलं असं धरू. एक कागद घ्या आणि त्यावर चार गोष्टी लिहायला लागा: त्रास कधी सुरू झाला, उलट्या-जुलाब किती वाजता झाले, काय आणि किती प्यायलं, शेवटची लघवी कधी झाली. रात्रभर दोघं-तिघं आळीपाळीने जागत असतील तर हा कागद फार उपयोगी पडतो. सकाळी डॉक्टरांनी "किती वेळा झाले?" विचारल्यावर "बरेच" या उत्तरातून त्यांना काहीच कळत नाही.

त्याच कागदाच्या मागे गेल्या तीन दिवसांत काय काय खाल्लं तेही लिहा. आपला संशय नेहमी शेवटच्या जेवणावर जातो, आणि बऱ्याचदा ते बिचारं निर्दोष असतं. कोणत्या अन्नाने घात केला हे त्रास किती तासांनी सुरू झाला यावरून बरंचसं कळतं.

खाल्ल्यावर अर्ध्या तासापासून सहा-आठ तासांत जोरदार उलट्या, जुलाब कमी, ताप नाही, असं असेल तर अन्नात आधीच तयार झालेलं विष पोटात गेलंय. हाताळलेली मिठाई, खवा, बासुंदी, क्रीमचे पदार्थ यांत स्टॅफिलोकॉकस हा जंतू ते विष करतो. सकाळी शिजवून दिवसभर ओट्यावर राहिलेल्या भातात बॅसिलस सिरियस करतो. दोन्ही विषं उकळूनही नष्ट होत नाहीत. त्यामुळे "चांगली वाफ आणली होती की" या वाक्याला इथे अर्थ राहत नाही. हा त्रास जितका जोरात येतो तितकाच लवकर ओसरतो, सहसा दिवसभरात.

लग्नाच्या किंवा भंडाऱ्याच्या पंगतीनंतर आठ-सोळा तासांनी पोटात मुरडा आणि पातळ जुलाब, उलट्या जवळपास नाहीतच, असं असेल तर मोठ्या पातेल्यात सावकाश निवत राहिलेल्या डाळीकडे किंवा मटणाच्या रश्श्याकडे बघा. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स हा तिथला नेहमीचा गडी. हाही एका दिवसात जातो.

बारा ते अठ्ठेचाळीस तासांनी घरातली एकेक करून सगळी माणसं पडू लागली तर नोरोव्हायरस असण्याची शक्यता मोठी. ताप, अंगदुखी आणि जुलाब सहा तासांपासून अगदी पाच-सहा दिवसांपर्यंत कधीही सुरू झाले तर साल्मोनेला. अंडी, कोंबडी, कच्चं दूध. यांपैकी काही प्रकार हप्ताभर रेंगाळतात.

आपल्याकडचे दोन प्रकार वेगळे सांगायला हवेत. पहिला भगरीचा. एकादशी, महाशिवरात्र, नवरात्र आली की महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाला भगरीबद्दल सूचना काढावी लागते. ओल लागलेल्या भगरीवर, त्यातही दळून ठेवलेल्या पिठावर, अ‍ॅस्परजिलस जातीची बुरशी वाढते आणि तिच्या विषामुळे उलट्या, चक्कर, हातपाय थरथरणं असा त्रास होतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात लोणार तालुक्यातल्या सोमठाण्याला हरिनाम सप्ताहात एकादशीच्या प्रसादाची भगर-आमटी खाऊन २०० हून अधिक माणसं आजारी पडली. रुग्णालयात खाटा पुरेनात, तेव्हा बाहेर झाडांना दोर बांधून त्यावर सलाईनच्या बाटल्या अडकवल्या होत्या. ती छायाचित्रं अनेकांना आठवत असतील. उपवासाच्या रात्री चक्कर आणि थरथर असेल तर "उपासाने पित्त झालं" म्हणून सोडून देऊ नका.

दुसरा प्रकार बांगड्याचा. बांगडा, कुपा, कधी सुरमई उन्हात किंवा बर्फाविना राहिली की तिच्या मांसात हिस्टामिन तयार होतं. खाल्ल्यावर काही मिनिटांत, फार तर तासाभरात, चेहरा लाल होतो, अंगाला खाज सुटते, डोकं ठणकतं, जिभेला चुणचुण लागते, कधी जुलाबही होतात. कोकणात आणि गोव्यात पुष्कळ माणसं यानंतर आयुष्यभर "मला मासे चालत नाहीत" म्हणत बसतात, खरं तर तो मासा खराब होता. तळल्याने किंवा आमटीत उकळल्याने हिस्टामिन जात नाही. ॲलर्जीवरच्या साध्या गोळीने सहसा काही तासांत उतार पडतो. पण ओठ-जीभ सुजली किंवा श्वास लागला तर थेट दवाखाना.

ओआरएस: पाकीट, पाणी, चमचा

नुसतं पाणी प्यायलं की ते आतड्यातून पुरेसं शोषलं जात नाही आणि गेलेलं मीठही भरून येत नाही. नुसतं मीठ-पाणीही फारसं चालत नाही. आतड्याच्या अस्तरात ग्लुकोज आणि सोडियम यांना जोडीने आत घेणारी एक वाट असते आणि त्यांच्या मागोमाग पाणी जातं. जुलाब कितीही होत असले तरी ही वाट बहुधा शाबूत राहते. ओआरएसमध्ये साखर चवीसाठी नसून या वाटेसाठी असते, म्हणूनच तिचं प्रमाण कमी-जास्त करून चालत नाही.

१९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकीने थैमान घातलं आणि शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं हे पाणी पिंपांत कालवून ठेवलं आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच पाजायला लावलं. सुमारे ३० टक्क्यांवर गेलेलं मृत्यूचं प्रमाण त्यांच्याकडे चार टक्क्यांच्या खाली आलं. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. इथे सांगायचं ते एवढंच, की तिथे पाजणारे हात घरच्यांचे होते.

आजच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात एक लिटर पाण्याला २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असतं. सगळं मिळून २०.५ ग्रॅम. मोठं पाकीट एक लिटरसाठी असतं, छोटं २०० मिलिलिटरसाठी. पाकिटामागे लिहिलेलं असतं, ते वाचा. मोठं पाकीट एका पेल्यात ओतणं आणि "दोन चमचे आत्ता, बाकीचं नंतर" असं अंदाजाने करणं, या दोन्हींत मीठ चुकतं. जास्त खारट पाणी लहान मुलाला खरोखर घातक ठरतं.

घरात मापाचं भांडं नसेल तर विकतच्या पाण्याची एक लिटरची बाटली घ्या, किंवा ती रिकामी धुऊन उकळून गार केलेलं पाणी तिच्यात भरा. ते सगळं स्वच्छ पातेल्यात ओता, अख्खं पाकीट फोडा, विरघळेपर्यंत ढवळा, झाकून ठेवा. चव अश्रूंइतकी खारट लागली पाहिजे, त्याहून जास्त नाही. कालवल्यावर उकळू नका, वरून साखर, सरबत, फळांचा रस घालू नका. चोवीस तासांनी उरलेलं फेकून नवं करा.

पाकीट मिळेपर्यंत: एक लिटर पाणी, सहा सपाट लहान चमचे साखर, अर्धा सपाट लहान चमचा मीठ. चमचा चहाचा, म्हणजे पाच मिलिलिटरचा, आणि वरून सुरीने सपाट केलेला. चमच्यावर मिठाचा ढीग राहिला तर प्रमाण सहज दुप्पट होतं. हे कामचलाऊ पाणी आहे, त्यात पोटॅशियम नाही. दुकान उघडलं की पाकीट आणा.

इथे एक सूचना, आणि ती जरा रागाने देतो. औषधांच्या दुकानात रंगीत खोक्यांतली गोड पेयं वर्षानुवर्षं नावात 'ओआरएस' लावून विकली गेली. त्यांत साखर खऱ्या सूत्राच्या कित्येक पट होती. जास्त साखरेमुळे आतड्यात पाणी उलट ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, अशा पेयांच्या नावात हा शब्द वापरायला मनाई केली. तरी विकत घेताना वेष्टनावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का, ते बघूनच घ्या. हाच आक्षेप ऊर्जेच्या पेयांना, कोल्ड्रिंकला आणि बाटलीतल्या फळरसांनाही लागू.

नारळपाण्याचं काय? मोठ्या माणसाला अधूनमधून चालेल. त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम फार कमी असतं, म्हणून ते ओआरएसच्या जागी देता येत नाही, आणि मूत्रपिंडाच्या रुग्णाला तर देऊच नये.

किती प्यायचं? मोठ्या माणसाने प्रत्येक पातळ जुलाबामागे एक पेला, २०० ते २५० मिलिलिटर. दोन ते दहा वर्षांच्या मुलाला १०० ते २००, दोन वर्षांच्या आतल्याला ५० ते १००. मध्ये तहान लागेल तसं साधं पाणी, ताक, पेज.

उलट्या चालू असतील तर पेला हातात देऊच नका. उलटी झाल्यावर दहा मिनिटं थांबा. मग चहाचा चमचा घ्या आणि मिनिट-दोन मिनिटांना एक चमचा द्या. घड्याळ समोर ठेवा, कारण तहानेने घसा कोरडा पडलेला माणूस पेला ओढून घटाघटा पितो, ते पाच मिनिटांत बाहेर येतं आणि मग सगळे म्हणतात, "पाणीच पचत नाहीये." मिनिटाला एक चमचा म्हणजे तासाला ३०० मिलिलिटर होतात. सलाईन लावलं असतं तरी सुरुवातीला बऱ्याच जणांना याहून फार वेगळं काही मिळालं नसतं. अर्धा-पाऊण तास टिकलं की दोन चमचे, मग घोट, मग अर्धी वाटी. थंडगार केलेलं ओआरएस मुलं जास्त खुशीने घेतात.

पुरेसं जातंय का हे लघवीवरून कळतं. दर चार-पाच तासांनी फिकट पिवळी होत असेल तर गाडी रुळावर आहे. लहान मुलात आणखी बघा: रडताना अश्रू येतात का, डोळे खोल गेलेत का, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर लगेच सपाट होते का. म्हाताऱ्या माणसाची कातडी एरवीही सैल असते, तिथे चिमटीवर विसंबू नका. जीभ आणि लघवी पाहा.

"एक सलाईन लावून घ्या म्हणजे ताकद येईल," हा आपल्याकडचा लाडका सल्ला. ज्याच्या पोटात पाणी टिकतंय त्याला सलाईनमधून वेगळं काही मिळत नाही. त्यातलं पाणी-मीठ तो पिऊ शकतो. ज्याच्या पोटात टिकत नाही, जो गुंगीत आहे, त्याला मात्र सलाईन वाचवतं आणि तिथे तासाभराचाही उशीर नको.

गोळ्यांचं

ताप-अंगदुखीला पॅरासिटामॉल चालतं. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकच्या गोळ्या टाळा. अंगात पाणी कमी असताना त्या मूत्रपिंडावर जातात आणि पोटाचं अस्तरही सोलतात.

जुलाब आवळणारी लोपरामाइड, तिला सगळे 'बांधायची गोळी' म्हणतात, ती मोठ्या माणसाने प्रवासात नाइलाज असेल तर घ्यावी, तेही ताप नाही आणि रक्त नाही एवढं पाहून. रक्ताच्या जुलाबात आतडं आवळून विष आत कोंडणं महागात पडतं. मुलांना ती देऊ नये.

ऑफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडाझोलची जोडगोळी तर आपल्याकडे चुरमुऱ्यांसारखी खाल्ली जाते. दुकानदार चिठ्ठीशिवाय देतो, दोन गोळ्यांत बरं वाटतं आणि श्रेय गोळीला जातं. बरं तसंही वाटणारच होतं. विषाणूवर आणि आधीच तयार झालेल्या विषावर अँटिबायोटिकचा काहीच परिणाम नसतो. काही जातींच्या ई. कोलायमध्ये त्याने मूत्रपिंडाचा धोका वाढू शकतो. पटकी, रक्ती आव, विषमज्वर, अशक्त प्रतिकारशक्ती अशा ठिकाणी ती लागतात, पण तो निर्णय तपासणाऱ्या डॉक्टरांचा.

उलटीसाठी ऑनडॅनसेट्रॉन चांगलं काम करतं आणि त्याच्या एका मात्रेने कित्येक मुलांचं सलाईन टळतं. मात्रा वजनावर ठरते, म्हणून विचारूनच द्या. प्रोबायोटिकच्या कुप्यांबद्दल फार आशा नको. २०१८ मध्ये अमेरिका आणि कॅनडात जुलाब झालेल्या मुलांवर झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत त्यांचा फायदा दिसला नाही. मुलांना खरा उपयोग होतो तो झिंकचा: सहा महिन्यांच्या पुढच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, त्याआतल्या बाळाला १०, जुलाब थांबले तरी एकूण १० ते १४ दिवस. गावात आशाताईंकडे ओआरएस आणि झिंक दोन्ही मिळतं.

नेहमीची औषधं चालू असणाऱ्यांनी हा भाग दोनदा वाचावा. मेटफॉर्मिन, डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या, टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल या रक्तदाबाच्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या अंगातलं पाणी आटलेलं असताना मूत्रपिंडाला किंवा रक्ताच्या आम्लतेला त्रास देऊ शकतात. जुलाब जोरात असतील तर त्या दिवशी घ्यायच्या की थांबवायच्या, हे आपल्या डॉक्टरांना फोन करून विचारा. इन्सुलिन मात्र "खाल्लं नाही" म्हणून परस्पर बंद करू नका; रक्तातली साखर दर काही तासांनी मोजा. मधुमेह आहे म्हणून ओआरएसला घाबरायचं कारण नाही. अख्ख्या लिटरमध्ये जेवढं ग्लुकोज असतं, तेवढी साखर दोन-तीन कप गोड चहात सहज जाते.

खायला कधी, काय

चोवीस तासांचं लंघन आता कुणी सुचवत नाही. उलट्या थांबून तीन-चार तास झाले आणि भुकेची जाणीव झाली की खायला द्यावं. आतड्याचं अस्तर भरून यायलाही अन्नच लागतं. अंगावर पिणाऱ्या बाळाचं दूध एकदाही बंद करू नये, उलट जास्त वेळा पाजावं.

या बाबतीत आपलं स्वयंपाकघर जगात कुणाला हार जाणार नाही. पहिल्या वेळी भाताची पेज: मूठभर तांदूळ भरपूर पाण्यात अगदी गळेपर्यंत शिजवायचे, मीठ घालायचं, आणि वाटीभर कोमट प्यायला द्यायची. ती पचली की गुरगुट्या भात आणि त्यावर चिमूटभर मेतकूट. तूप पहिल्या दिवशी नको किंवा नावापुरतं. मग मुगाच्या डाळीची पातळ खिचडी, उकडलेला बटाटा, पिकलेलं केळं, ताजं पातळ ताक मीठ-जिरं घालून. लहान लहान वाट्या, दर दोन-तीन तासांनी. जेवणाचं ताट वाढून समोर ठेवलं की बघूनच मळमळतं.

दूध, चहा-कॉफी, तळलेलं, मसाल्याचं, कच्ची कोशिंबीर, उसळी, दारू हे काही दिवस बाजूला. साबुदाणा खिचडी बरेच जण 'हलकी' म्हणून देतात. दाणे, तूप आणि मिरची घातलेल्या पदार्थाला हलकं कुणी ठरवलं कोण जाणे. साबुदाण्याची पाण्यातली पेज द्या हवी तर.

बाकीचं घर वाचवायचं तर

शौचालय शक्य असेल तर रुग्णाला वेगळं द्या, नाहीतर नळ, कडी, फ्लशची कळ दिवसातून दोनदा ब्लीचच्या पाण्याने पुसा. हात साबण लावून धुवा, वीस सेकंद. सॅनिटायझर नोरोव्हायरसवर फारसा चालत नाही. उलटीने भरलेले कपडे वेगळे, गरम पाण्यात. टाकीचं किंवा टँकरचं पाणी असेल तर सगळ्यांनीच काही दिवस उकळून प्या. दोषी अन्न सापडेपर्यंत पाण्यावरचा संशय काढू नका.

बरोबर जेवलेल्या आणखी कुणाला त्रास झालाय का, हे त्याच दिवशी फोन करून विचारा. दोन-तीन घरांत एकच कथा असेल तर उरलेलं अन्न फेकू नका. स्वच्छ डब्यात घालून, वर तारीख-वेळ लिहून फ्रिजच्या खालच्या भागात ठेवा, इतर अन्नापासून लांब. हॉटेलचं बिल किंवा ऑर्डरचा संदेश जपून ठेवा. प्राथमिक आरोग्य केंद्राला किंवा महापालिकेच्या आरोग्य विभागाला कळवा आणि अन्न व औषध प्रशासनाच्या १८००-२२२-३६५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. हॉटेलमालकाशी भांडून जेवणाचे पैसे परत मिळतील, पण त्या रात्री त्याच पातेल्यातलं आणखी कुणी खाणार नाही याची खात्री मिळणार नाही.

नंतरचे आठ-पंधरा दिवस

जुलाब थांबले तरी दोन-चार दिवस पायांत गोळे येतात, जिना चढताना दम लागतो. झोप, पाणी आणि साधं जेवण यांनी ते जातं. टॉनिकच्या बाटल्यांची गरज नसते. एक-दोन दिवस शौचालाच झाली नाही तर घाबरून एरंडेल घेऊ नका, आतडं रिकामं झालेलं असतं.

दूध पुन्हा सुरू केल्यावर पोट फुगलं आणि पातळ शौच झाली तर आजार उलटला असं समजू नका. आतड्याच्या अस्तरातलं दूध पचवणारं विकर काही काळ कमी झालेलं असतं. आठ-दहा दिवस दही-ताकावर राहा, मग अर्धा कप दुधाने सुरुवात करा.

पुन्हा डॉक्टरकडे कधी जायचं? मोठ्या माणसाचे जुलाब तीन दिवसांनीही चालू असतील तर. मुलाचे दुसऱ्या दिवशीही कमी होत नसतील तर. वजन उतरत असेल, रात्री झोपेतून उठून जावं लागत असेल तर. एक-दोन आठवड्यांनी गुडघा-घोटा सुजला, डोळे लाल झाले, लघवीला जळजळ झाली, तर पोटाच्या आजाराचा उल्लेख नक्की करा. साल्मोनेला, शिगेला, कॅम्पिलोबॅक्टर यांच्यानंतर सांधे धरू शकतात आणि पेशंट हाडांच्या डॉक्टरकडे जुलाबांचं सांगायला विसरतो. काहींना पुढचे काही महिने जेवलं की लगेच जावं लागतं, पोटात गुडगुडतं. हे जंतू गेल्यानंतर आतडं हळवं राहिल्यामुळे असतं आणि त्यावर पुन्हा पुन्हा अँटिबायोटिक घेऊन उपयोग होत नाही.

कामावर जायचं ते लक्षणं थांबून पूर्ण अठ्ठेचाळीस तास झाल्यावर. ज्यांचं काम पोळीभाजी केंद्रात, खानावळीत, अंगणवाडीत किंवा आजारी माणसांच्या सेवेत आहे त्यांनी तर यात एक तासही सूट घेऊ नये. घरी रोजचा स्वयंपाक करणारी व्यक्तीच आजारी पडली असेल तर तिच्यासाठीही हाच नियम: ते दोन दिवस डाळ-भात दुसऱ्या कुणीतरी लावावा, आणि पोळ्या बाहेरून आणाव्यात.